डॉ. कमला सोहोनी आणि आमची मटकी

गेल्या साली विज्ञान दिनाच्या अंकात याच फळ्यावर सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे चरित्र लागले होते. ते मीच लिहिले होते. २८ फेब्रुवारी १९२८ चा त्यांचा शोध, १९३० सालचे नोबेल पारितोषिक आणि १९८७ पासून आपण पाळतो तो विज्ञान दिन, हे सगळे मला तोंडपाठ आहे. म्हणून यंदा कोणाचे चरित्र लिहितेस असे बाईंनी विचारले तेव्हा मी म्हटले, रामन यांचेच पुन्हा लिहिते, अक्षर तेवढे सुधारते. बाई हसल्या. मग म्हणाल्या की त्याच रामन यांच्या खोलीच्या दारात एक मुलगी हट्ट धरून बसली होती, यंदा तिचे लिही.

मला आधी वाटले, बाईंनी आपल्या मनानं गोष्ट रचली असेल. पण गोष्ट खरी आहे, आणि ती आपल्या भगुन्यापर्यंत येऊन पोचते. कशी ते पुढे सांगते.

त्या मुलीचे नाव कमला भागवत. लग्नानंतर त्या डॉ. कमला सोहोनी झाल्या. १९११ साली इंदूरला त्यांचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते, तेही बंगळूरला टाटांनी काढलेल्या विज्ञान संस्थेत. त्यांची थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. त्या पुढे मराठीतल्या मोठ्या लेखिका झाल्या आणि १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे एका घरात दोन बहिणी, एक शब्दांच्या मागे लागली आणि एक रसायनांच्या.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी.ची परीक्षा पहिल्या क्रमांकाने पास झाल्या. आता इथे थोडे थांबा आणि आपल्याकडचा हिशोब करा. १९३३ साली नांदेड आणि लातूर हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तो मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. लातूर जिल्हा तर १९८२ साली झाला, त्याआधी तो उस्मानाबादचा भाग होता. माझ्या आजीची माय त्या काळातली. तिला शाळेचे दार कोणत्या बाजूला असते ते ठाऊक नव्हते. कमलाबाईंच्या घरी मात्र शिकायला कोणी आडवे आले नाही. आडवे आले ते पुढे, बंगळूरला.

बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी वडील आणि चुलते शिकले त्याच संस्थेत अर्ज केला. आज तिला भारतीय विज्ञान संस्था म्हणतात. १९३३ सालीच रामन तिथले संचालक झाले होते, आणि या संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. नोबेल मिळालेला माणूस, सगळा देश त्यांच्याकडे मान वर करून बघायचा. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नाही, गुण तर सगळ्यांत जास्त होते. मुलगी आहे म्हणून नाकारला.

हे वाचलं तेव्हा मी वही मिटवून ठेवली. गेल्या वर्षी ज्यांच्या पगडीला मी एक तास बसून रंग दिला, त्यांनी असं करावं? मला लई राग आला. बाईंना म्हणलं, मग यंदा कार्यालयातला त्यांचा फोटो काढून टाकू. बाई म्हणाल्या, पुढचं वाच आधी.

पुढचे असे. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि त्यांनी कारण विचारले. तो काळ गांधीजींचा होता. मिठाचा सत्याग्रह होऊन तीनच वर्षे झाली होती. कमलाबाईंनीही ठरवले की सत्याग्रह करायचा, आणि त्या रामन यांच्या कार्यालयाच्या दारात बसल्या. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण तीन अटी घातल्या. पहिले वर्षभर त्यांना नेहमीच्या विद्यार्थ्यांत धरायचे नाही, आधी काम बघायचे. मार्गदर्शक सांगतील तसे रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करायचे. आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडवायचे नाही, म्हणजे मुलगी असल्यामुळे मुलांचे लक्ष उडेल असे होऊ द्यायचे नाही.

ही तिसरी अट मला अजून समजली नाही. आमच्या वर्गात १४ मुली आणि ११ मुले आहेत, आणि वातावरण कोण बिघडवतं ते गुरुजींना चांगलं माहीत आहे.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. अपमान गिळला म्हणा. त्यांना मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या, ते फार कडक होते, पण शिकवण्यात हात राखून ठेवत नसत. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केले. वर्ष संपले. रामन यांनी काम पाहिले, त्यांचे समाधान झाले आणि कमलाबाई पक्क्या विद्यार्थिनी झाल्या. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या. नंतर रामन यांनी त्या संस्थेत मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. म्हणून फोटो जागेवरच आहे. पण मी यंदा त्याच्याकडे बघते तेव्हा मला दोन्ही आठवतं.

आता भगुन्याकडे येते. दुधातलं प्रथिन म्हणजे काय हे आपल्याला कुठं दिसणार, असं मला वाटायचं. तर बाई म्हणाल्या, कोणाच्या घरी चहाचं दूध नासलं की मला सांगा. उन्हाळ्यात असं दूध मिळायला काय उशीर! पण दुसऱ्याच दिवशी मिळालं नाही, मग आम्ही अर्धा पेला चांगलंच दूध कोमट करून त्यात लिंबू पिळलं. शनिवारची सकाळची शाळा होती. पहिलीची लेकरं गोल करून बसली होती, आम्ही सातवीच्या मुली मधोमध. लिंबू पडल्याबरोबर दूध फाटलं. पांढरे गोळे एकीकडे आणि पिवळसर हिरवट पाणी एकीकडे. ते गोळे म्हणजेच दुधातलं मुख्य प्रथिन, केसीन. चांगल्या दुधात ते इतक्या बारीक कणांनी पसरलेलं असतं की दिसत नाही. लिंबाच्या आंबटपणानं ते कण एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. पहिलीतली एक पोरगी म्हणाली, दूध रुसलं. आम्हाला ते इतकं आवडलं की आता आम्ही फाटलं म्हणतच नाही.

ते गोळे फडक्यातून गाळले, साध्या पाण्यानं धुतले, पिळले. त्यात चिमूटभर खायचा सोडा आणि दोन-तीन चमचे पाणी घालून घोटलं. थोडं फसफसलं. मग त्याची चिकट खळ झाली. पूर्वी सुतारकामात सुद्धा केसीनची खळ वापरायचे. तुम्ही आता जो कागद वाचताय तो आम्ही त्याच खळीनं चिकटवला आहे. वरचे दोन कोपरे गोंदाचे आहेत, कारण तेवढ्यात आमची खळ संपली. कागदाला थोडा वास येतोय, त्याबद्दल माफी असावी. मुंग्या लागल्या तर बाईंना सांगा.

एम.एस्सी. नंतर कमलाबाईंना शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी ज्यांना १९२९ साली नोबेल मिळाले ते. कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याकडे काम केले. आणि कशावर केले? बटाट्यावर! एवढे समुद्र ओलांडून माणूस जातो आणि बटाटा चिरायला बसतो, असे म्हणून आमची आजी हसत होती.

पण बटाट्यात त्यांना जे सापडले ते साधे नाही. आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला ऑक्सिजन रक्तातून शरीरातल्या प्रत्येक पेशीपर्यंत जातो. पेशीच्या आत अन्न आणि ऑक्सिजन यांच्यापासून शक्ती तयार होते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चुलीत लाकूड भडकन जळते. पेशीत तसे होऊन चालणार नाही, आपण भाजून निघू. म्हणून तिथे हे काम पायरी-पायरीने होते, हातातून हातात घमेले द्यावे तसे. त्या रांगेत उभा असलेला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन. त्यात लोह असते आणि त्याचा रंग तांबडा असतो. प्राण्यांच्या पेशीत ते असते हे माहीत होते. कमलाबाईंनी ते बटाट्यात दाखवले, आणि वनस्पतींच्या पेशीतही श्वासाची तीच रांग चालते हे पुढे आले. म्हणजे मी, आमची म्हैस आणि आमच्या पोत्यातला बटाटा, तिघांच्या आत एकच रांग.

या कामाचा त्यांनी जो प्रबंध लिहिला तो फक्त ४० पानांचा होता. १४ महिन्यांत सगळे काम झाले आणि १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. आमच्या सहामाहीच्या पेपरला सुद्धा पुरवण्या लावून-लावून २० पाने होतात, त्यातून निघते काय ते मला विचारू नका.

बटाटा श्वास घेतो हे ऐकून पहिलीची लेकरं तर सोडाच, आमचा वर्गसुद्धा गप्प झाला. नाक कुठं आहे त्याला? मग बाई म्हणाल्या, बघू या. बटाट्यापेक्षा मोड आलेली मटकी जोरात श्वास घेते, कारण तिला वाढायची घाई असते. तिच्यापासून सुरू करू.

साहित्य असं. आजीच्या डबीतला खायचा चुना, तो एक बाटली पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला. सकाळी वरचं स्वच्छ पाणी अलगद ओतून घेतलं, ती चुन्याची निवळी. हे काम बाईंनी स्वतः केलं, कारण चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. लेकरांना बाटलीला हात लावू दिला नाही. मग पपईच्या पानाचा पोकळ देठ आणला आणि सातवीतल्या एकीनं त्यातून निवळीत हळूच फुंकलं. फुंकायचं, ओढायचं नाही, हे तिला चार वेळा बजावलं. बघता बघता निवळी ताकासारखी पांढरी झाली. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं निवळीतल्या चुन्याची बारीक पांढरी भुकटी होते, खडूसारखी, ती पाण्यात विरघळत नाही. म्हणून पाणी गढूळ दिसतं. म्हणजे निवळी ही आमची पोलीस. जिथं श्वास सोडला असेल तिथं ती पकडणार.

मग लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या. एकीत मोड आलेली मटकी, दुसरीत कोरडी मटकी. दोन्हीत एकेका बाटलीच्या टोपणात निवळी ठेवली, झाकणं लावली आणि घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर दोन्ही टोपणात पांढरं! आम्ही तोंड पाडून बसलो. कोरडी मटकी पण श्वास घेते की काय? मग चौकशी झाली. एक झाकण ढिलं होतं. आणि दुसरीतल्या एका पोरानं शाळा सुटल्यावर दोन्ही बरण्या उघडून, मटकी झोपली का म्हणून नाक लावून बघितलं होतं. निवळीला त्याचाच श्वास लागला. त्याला कोणी रागावलं नाही. बाई म्हणाल्या, त्यानं चौथा प्रयोग केला, फक्त लिहून ठेवला नाही.

दुसऱ्या खेपेला झाकणाच्या कडेनं मेणबत्तीचं मेण ओतलं आणि तीन बरण्या केल्या. कोरडी मटकी, मोडाची मटकी आणि तिसरीत मोडाचीच पण उकळून गार केलेली. सकाळी मोडाच्या बरणीत टोपणावर दुधावर साय यावी तसा पांढरा थर होता. कोरड्या बरणीत अगदी पुसट, तेवढा हवेतल्याच कार्बन डायऑक्साइडनं येतो. उकळलेल्या बरणीतही तसाच पुसट. म्हणजे दाणे तेच, मोड तेच, पण उकळल्यावर त्यांच्या आतली ती रांग मोडली. गंमत म्हणजे तिसरी बरणी आम्ही काढायची विसरलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिचीही निवळी पांढरी झाली! मेलेली मटकी उठली का काय! बाईंनी झाकण उघडून वास घ्यायला सांगितला. आंबूस वास. तो श्वास मटकीचा नव्हता, तिच्यावर वाढलेल्या जंतूंचा होता. आमच्या मायला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली की रात्रीची उसळ सकाळी बुडबुडे धरते ते आम्हाला काय तुझ्या बरणीनं सांगायला लागतं? हे पण खरं.

बटाट्याच्या फोडींची बरणी नंतर केली. तिनंही निवळी गढूळ केली, पण मटकीपेक्षा कमी. त्या बरणीला आम्ही कमलाबाईंची बरणी म्हणतो.

पीएच.डी. झाल्यावर कमलाबाई तिकडेच राहू शकल्या असत्या. पण १९३९ सालीच त्या परत आल्या. गांधीजींवर त्यांची श्रद्धा होती आणि काम आपल्या देशात करायचे असे त्यांच्या मनात होते. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख, मग नीलगिरीत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत. १९४७ साली माधव सोहोनी यांच्याशी लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवले, पुष्कळ विद्यार्थी तयार केले. पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांना ती जागा मिळायला हवी होती त्यापेक्षा काही वर्षे उशिरा मिळाली. इथेही दार एकदम उघडले नाही, पण या वेळचा तपशील मी लांबवत नाही.

मुंबईत त्यांनी जे काम केले त्यातले दोन आपल्या भागाच्या जवळचे आहे.

पहिले डाळी आणि कडधान्यांचे. लातूरची डाळ सगळीकडे जाते हे आपल्याला सांगायला नको. माझे चुलते तिथल्या मोंढ्यात हमाली करतात, त्यांच्या सदऱ्यालाच तुरीचा वास असतो. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोधले की कच्च्या कडधान्यांत प्रथिने भरपूर असतात, पण त्याच दाण्यात ती पचू न देणारे पदार्थही असतात. आपल्या पोटात प्रथिने तोडणारा ट्रिप्सिन नावाचा पाचक रस असतो, त्यालाच हे पदार्थ अडवतात. दाणा म्हणजे झाडाचे लेकरू, ते आपल्याला किडी-जनावरांनी खाऊ नये म्हणून अशी तजवीज करून ठेवते. नीट शिजवले की यांतले बहुतेक पदार्थ निकामी होतात. भिजवून मोड आणण्याचाही उपयोग होतो. म्हणून घुगऱ्या अर्ध्याकच्च्या खाल्ल्या की पोट दुखतं.

हे मी शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींना सांगितलं. मावशी म्हणाल्या, मी तर डाळ नखानं दाबून बघितल्याशिवाय भगुनं उतरवतच नाही. मग आम्ही मावशींची परीक्षा घेतली, म्हणजे मावशींची नाही, डाळीची. एक वाटी मटकी रात्री भिजवली, सकाळी मोजली तर दोन वाट्या आणि वर थोडी. पहिलीच्या लेकरांनी वाटीनं मोजली, त्यांचं गणितही झालं. न भिजवलेली मटकी शिजायला किती वेळ आणि भिजवलेली किती, हे भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. भिजवलेली निम्म्याहून कमी वेळात मऊ झाली आणि मावशींचा गॅस वाचला. मावशी म्हणाल्या, हे माझ्या सासूनं मला वीस वर्षांपूर्वी फुकट शिकवलं.

दुसरे काम नीरेचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास सुरू केला. देगलूर, धर्माबादकडे आपल्या नात्यातली माणसे असतील त्यांना शिंदीची झाडे माहीत आहेत. माझा मामा तिकडचा आहे. झाडातून पहाटे जो गोड रस मिळतो ती नीरा. ती ऊन चढले की आंबते आणि तिची शिंदी होते, मग ती प्यायलेला माणूस रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालतो. आंबण्याआधीच्या नीरेत क जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्व आणि लोह असते असे कमलाबाईंना आढळले. आदिवासी भागातल्या अशक्त मुलांना आणि गरोदर बायांना ती दिली तर त्यांची तब्येत सुधारते हेही दिसले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. नीरेचा प्रयोग आम्ही केला नाही. मामानं आणतो म्हणून सांगितलं होतं, पण मायनं त्याच्याकडं असं बघितलं की तो विषय तिथंच संपला.

मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला. शिवाय १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी. दुकानात वजन बरोबर आहे का, खाण्यात भेसळ आहे का, हे पाहायचे तिचे काम. कमलाबाई तिच्यात राबल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या आणि तिच्या कीमत नावाच्या मासिकात लेख लिहीत. मराठीत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाची पुस्तकेही लिहिली. इतके शिकलेले माणूस आपल्यासारख्यांसाठी पुस्तक लिहायला बसते, याचे मला नवल वाटते.

भेसळीचा एक प्रयोग आम्हीही केला आणि त्यात आमची चांगली फजिती झाली, ती सांगायला पाहिजे. आरोग्य केंद्रातून बाईंनी टिंक्चर आयोडीनची बाटली आणली. पिठूळ पदार्थावर, म्हणजे ज्यात स्टार्च असते त्यावर, त्याचा थेंब टाकला की तो निळा-काळा होतो. बटाटा झाला, भात झाला, भाकरीचा तुकडा झाला. लिंबाची फोड झाली नाही. मीठ झालं नाही. लेकरांना हा खेळ इतका आवडला की ती खडू, खोडरबर, स्वतःचं नख, सगळ्यांवर थेंब मागायला लागली. नखावरचा डाग दोन दिवस गेला नाही. आयोडीन लावलेलं खायचं नसतं, म्हणून ते सगळं खड्ड्यात पुरलं.

मग तीन घरांचं दूध आणलं. दूध दाट दिसावं म्हणून कोणी पीठ मिसळलं असेल तर या थेंबानं कळतं. दूध उकळून गार केलं, थेंब टाकले. दोन पेले पिवळसर राहिले. तिसरा निळसर झाला! वर्गात एकच गलका. दूध कोणाकडून येतं ते आम्हाला माहीत होतं, आणि मधल्या सुट्टीत त्यांचं नाव सगळ्या शाळेत झालं असतं. बाईंनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, उद्या त्याच घरचं दूध नव्या भांड्यात आणा, तोपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी आणलं, थेंब टाकला, काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा, काही नाही. शेवटी ते दूध आणणारी मैत्रीण रडत-रडत म्हणाली, पहिल्या दिवशी मी भाताच्या पळीनं दूध काढलं होतं. पळीला शितं होती! त्या दूधवाल्या मामांचं नाव मी इथं लिहीत नाही. ते पालक सभेला येणार आहेत आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही. आता वाचून कळलंच तर मामा, राग मानू नका, तुमचं दूध तीनदा पास झालं आहे.

हळदीचंही लिहायचं होतं, पण कागद संपत आला. एवढंच सांगते की हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाला साबणाचा हात लागला की तो लाल होतो आणि लिंबू लावलं की परत पिवळा. चुन्यानंही लाल होतो, पूर्वी कुंकू तसंच करायचे. पहिलीच्या लेकरांनी त्या कागदावर साबणाच्या बोटानं नावं काढली आहेत, ती खालच्या दोरीला लावली आहेत. आपापल्या लेकराचं नाव पालकांनी शोधावं.

कमलाबाईंचे शेवटचे सांगते. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता.  इतकी वर्षे त्यांची आठवण फारशी कोणी काढली नव्हती. त्या सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत वारल्या. बाई हे वाचून दाखवत होत्या तेव्हा बाईंचाच आवाज बसला.

मी हे घरी वाचून दाखवलं. बापू ऐकत होते, काही बोलले नाहीत. आपल्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग आहेत. आठवीला मोठ्या गावी जावं लागतं, एस.टी. फाट्यावर थांबते आणि फाटा दीड किलोमीटर आहे. मुलींना पास फुकट आहे, पण बापूंचं मन फाट्यावर अडलं होतं. जेवताना त्यांनी मला विचारलं की त्या बाईंना पहिलं वर्ष नुसतं बघायला ठेवलं होतं का. मी म्हणलं, हो. मग थोड्या वेळानं ते म्हणाले, तूही एक वर्ष जाऊन बघ, मग ठरवू. म्हणजे मलाही अट आहे.

कमलाबाईंचा छापील फोटो मिळाला नाही म्हणून शेजारचे चित्र मी पुस्तकात पाहून काढले आहे. पदर नीट जमला नाही. खिडकीत ठेवलेल्या तीन बरण्या उद्या सकाळी दहा वाजता पालकांसमोर उघडायच्या आहेत. तोपर्यंत त्यांना कोणी नाक लावू नये.